हरकत नोंदवून घ्या

आमच्या शेताची मोजणी झाली तेव्हा यंत्राने आपलं काम तासाभरात उरकलं. काठीवर बसवलेलं यंत्र घेऊन भूकरमापक बांधाबांधाने फिरले आणि टॅबवर शेताची आकृती उमटली. लगतच्या खातेदारांना नोटीस गेलेली असल्यामुळे तेही आले होते. त्यांच्यातले तात्या पंच्याहत्तरी ओलांडलेले. त्यांनी टॅबमध्ये डोकावून पाहिलं आणि विचारलं, "साहेब, पाणंद कुठं गेली?"

"रेकॉर्डला नाही, तात्या."

"अहो, मघाशी तुमची गाडी तिच्यावरूनच आली की!"

सगळे हसले, साहेबही हसले. पण तात्यांचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. गावनकाशात गाडीमार्ग तुटक दुहेरी रेघेने दाखवतात आणि पायवाट तुटक एकेरी रेघेने. ही तुटक रेघ असली की शेतात जायची वाट हक्काची होते. ती सुटली की शेजाऱ्याची मर्जी सांभाळायची, नाहीतर तहसील कचेरीचे खेटे घालायचे. तीन पिढ्यांच्या बैलगाड्यांनी पाडलेली चाकोरी एका बाजूला आणि नकाशातली कोरी जागा दुसऱ्या बाजूला, असा सामना झाला तर जिंकते ती कोरी जागा.

म्हणूनच 'नकाशात राजकारण आणू नका' हे वाक्य ऐकलं की मला तात्या आठवतात. हे म्हणणाऱ्यांची बाजू आधी नीट मांडू, कारण ती अगदीच पोकळ नाही. ते म्हणतात, नकाशा हे मापाचं काम आहे. नदी जिथे आहे तिथेच दाखवायची, डोंगर आहे तेवढाच दाखवायचा. चळवळ करायची त्याने मोर्चा काढावा, चित्र काढायचं त्याने कॅनव्हास घ्यावा, नकाशा मात्र मोजणाऱ्यावर सोडावा. खडक चुकीच्या जागी दाखवला तर जहाज फुटतं, तिथे भावना कामाला येत नाहीत. हे सगळं मान्य. माप चोख हवं, याबद्दल माझा वाद नाही. वाद पुढे सुरू होतो. काय मोजायचं, कशाला नाव द्यायचं आणि काय 'रेकॉर्डला नाही' म्हणून सोडून द्यायचं, हे यंत्र ठरवत नाही. ते ठरवणारा माणूस असतो, आणि त्याला कोणीतरी पाठवलेलं असतं.

तटस्थपणाचं सर्वांत मोठं उदाहरण आपल्याच उपखंडात आहे. फाळणीची रेघ ओढायला नेमलेले सिरिल रॅडक्लिफ ८ जुलै १९४७ रोजी दिल्लीत पोचले. त्याआधी त्यांनी हिंदुस्थान पाहिला नव्हता, आणि हेच त्यांच्या निःपक्षपातीपणाचं प्रमाणपत्र मानलं गेलं. पाचेक आठवड्यांत पंजाब आणि बंगाल या दोन्ही प्रांतांतून रेघ ओढून झाली. ती जाहीर झाली १७ ऑगस्टला, म्हणजे स्वातंत्र्याचे झेंडे फडकून गेल्यावर. आपण नेमके कोणत्या देशात आहोत, हे ठाऊक नसतानाच सीमेवरच्या कितीतरी गावांनी स्वातंत्र्यदिन पाहिला. ज्याला जमिनीची ओळख नाही तोच न्यायाने रेघ ओढील, ही समजूत किती महागात पडते, याचा हिशेब अजून चुकता झालेला नाही. अनोळखीपणा म्हणजे निःपक्षपातीपणा नव्हे. आमच्या भूकरमापकांनाही पाणंदीबद्दल आकस नव्हता, फक्त ओळख नव्हती.

आणि मोजणाऱ्यांवर सोडलेलं माप तरी चोख निघतं का? मुंबईच्या २०१४-३४ च्या विकास आराखड्याचा मसुदा फेब्रुवारी २०१५ मध्ये जाहीर झाला. आराखडा तज्ज्ञांचा, साधनं आधुनिक. पण लोकांनी आपापल्या गल्लीचा कागद उघडला आणि हलकल्लोळ झाला. कुठे उभ्या इमारतीवरून रस्ता गेलेला, कुठे वारसा वास्तूची नोंदच नाही. हरकतींचा पाऊस पडला आणि एप्रिलमध्ये राज्य सरकारने तो मसुदा बाजूला ठेवून दुरुस्त करायला सांगितलं. या चुका शोधल्या कोणी? त्या रस्त्यांवरून रोज जाणाऱ्यांनी. मापातल्या चुका काढायलाही शेवटी तात्याच लागतात.

आता समजा, माप बिनचूक आहे. मग तरी राजकारण संपतं का? अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात १९७१ मध्ये एक नकाशा प्रसिद्ध झाला. विल्यम बंगी हे भूगोलाचे अभ्यासक आणि ग्वेंडोलिन वॉरन ही तिथल्या कृष्णवर्णीय वस्तीतली तरुण कार्यकर्ती यांच्या पुढाकाराने चाललेल्या उपक्रमातून तो निघाला होता. रस्त्यावर गाडीखाली सापडलेल्या मुलांच्या जागा त्यावर ठिपक्यांनी दाखवल्या होत्या. हेच ठिपके एखाद्या वाहतूक विभागाने काढले असते तर वर 'अपघातप्रवण ठिकाणं' असं लिहिलं असतं आणि गतिरोधकाची शिफारस करून फाइल बंद झाली असती. या नकाशाच्या शीर्षकात लिहिलं होतं की उपनगरातून कामावर ये-जा करणारे लोक कृष्णवर्णीय मुलांना कुठे चिरडतात. ठिपके तेच, माप तेच. फक्त कर्ता आणि कर्म लिहिलं गेलं. 'अपघातप्रवण' हा शब्द तटस्थ वाटतो, कारण त्यात गाडी चालवणारा कोणी नसतोच.

दुसरा आक्षेप कायद्याच्या भाषेत येतो. लोकांनी हाताने काढलेल्या नकाशाला पुरावा म्हणून किंमत काय? उपग्रहाचं छायाचित्र असताना म्हाताऱ्या माणसाच्या आठवणीवर कोण विश्वास ठेवणार? याचं उत्तर मला द्यायची गरज नाही, संसदेने केलेल्या कायद्याखालच्या नियमांनीच ते दिलं आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली दाव्याचा पुरावा म्हणून गावातल्या वडीलधाऱ्यांचं लेखी निवेदन चालतं. जुन्या विहिरी, दफनभूमी, देवाच्या जागा हेही पुरावे ठरतात. आणि २०१२ च्या सुधारित नियमांनी स्पष्टच सांगितलं की उपग्रह-छायाचित्रं इतर पुराव्यांना जोड देऊ शकतील, त्यांची जागा घेऊ शकणार नाहीत. दाव्याचा नकाशा वनहक्क समितीने तयार करायचा, त्यात ओळखू येणाऱ्या खुणा दाखवायच्या, आणि दोन गावांचे दावे एकमेकांवर चढले तर दोन्ही समित्यांनी एकत्र बसून सोडवायचे. शेताच्या मोजणीत लगतच्या खातेदारांना बोलावतात, तीच ही रीत, फक्त जंगलाएवढी मोठी केलेली.

तिचं फळ गडचिरोलीत दिसतं. वनविभागाच्या नकाशात जंगल म्हणजे कक्ष क्रमांक. गोंड गावाच्या लेखी तेच जंगल म्हणजे मोहाची झाडं, तेंदूची पानं, बांबूची बेटं, पाणवठे आणि देव. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ मध्ये आपल्या जंगलातला बांबू विकण्यासाठी लागणारा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या हाती आला. 'आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा त्या गावाने त्याच्या कितीतरी आधी दिली होती. पण घोषणा भिंतीवर राहते. हद्द, क्षेत्र आणि सही असलेला कागद हाती आला की ट्रक अडवणाऱ्यालाही तो वाचावा लागतो.

तिसरा आक्षेप उलट्या दिशेने येतो, आणि तो माझ्या जवळच्या माणसांचा असल्यामुळे जास्त बोचतो. ही मंडळी म्हणतात, नकाशा हे मुळातच राज्यकर्त्यांचं हत्यार आहे. १८०२ मध्ये मद्रासजवळ सर्वेक्षक लॅम्टनने पायाभूत रेघ मोजली आणि साखळीमागून साखळी टाकत कंपनी सरकारने सगळा देश त्रिकोणांत बांधला, तो काही आपल्या सोयीसाठी नव्हे. अमेरिकेत १९३० च्या दशकात सरकारी संस्थेने शहरांचे नकाशे रंगवले, कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांना धोक्याचा लाल रंग दिला, आणि लाल रंगातल्या घराला कर्ज मिळणं दुरापास्त झालं. मग गरिबांनी आपली वस्ती, आपला झरा, आपली औषधी झाडं नकाशावर का मांडावीत? उद्या बिल्डर आणि कंत्राटदार तोच कागद हातात घेऊन येतील.

ही भीती खरी आहे. पण यातून निघणारा सल्ला मात्र खोटा आहे. नकाशावर नसलेला माणूस लपत नाही, तो फक्त मोजला जात नाही. केनियातल्या नैरोबी शहराची किबेरा ही प्रचंड झोपडवस्ती २००९ पर्यंत नकाशांवर जवळजवळ कोरीच होती. त्या कोरेपणाने तिथल्या कोणाचं रक्षण केलं नाही. नळ, शाळा, दवाखाने यांची आखणी करणाऱ्यांना मात्र तिकडे दुर्लक्ष करायला निमित्त मिळालं. शेवटी वस्तीतल्याच तरुणांनी जीपीएस घेऊन गल्ल्या पालथ्या घातल्या आणि सर्वांना खुला असलेला नकाशा तयार केला. कोरी जागा ही गरिबाची ढाल कधीच नसते. ती नेहमी दुसऱ्याच्या प्रकल्पाची जागा असते. देवाचा झरा कागदावर दाखवायचा की नाही, हे गावाने ठरवावं. ते ठरवण्याचा हक्कही कागद गावाच्या हातात असेल तरच राहतो.

राहिले कलावंत. त्यांचे नकाशे म्हणजे गॅलरीतले चाळे, असं मानणारे दोन्ही बाजूंना आहेत. त्यांनी झरीना हाश्मी यांची २००१ ची 'डिव्हायडिंग लाइन' ही लाकडी ठशाची कलाकृती पाहावी. तिच्यात भारत-पाकिस्तानची सीमारेषा आहे, बाकी ना गाव ना नदी. लाकडी ठशाचं काम असं असतं की जी रेघ छापायची ती उंच ठेवून तिच्या दोन्ही अंगांचं लाकूड कोरून टाकावं लागतं. रेघ राहते, दोन्हीकडची भूमी जाते. फाळणीत घरांचं काय झालं, हे सांगायला तो ठसा पुरेसा आहे. मुंबईच्या शिल्पा गुप्ता यांनी शंभर माणसांना आठवणीतून भारताचा नकाशा काढायला सांगितलं. शाळेत वर्षानुवर्षं गिरवलेली बाह्यरेषा, पण ती शंभर हातांतून शंभर तऱ्हांनी उतरली. त्यात देशद्रोह नाही. देश प्रत्येकाच्या मनात वेगवेगळ्या जागी जाड आणि वेगवेगळ्या जागी पुसट असतो, एवढंच ते सांगतं.

आणि २६ जुलै २००५ ला सांताक्रूझमध्ये एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडल्यावर अनुराधा माथुर आणि दिलीप दा कुन्हा यांनी २००९ च्या 'सोक' प्रदर्शनात विचारलं, की मुंबईच्या नकाशावर जमीन आणि पाणी यांच्यामध्ये इतकी ठाम रेघ ओढली कोणी? ही खाडीची जागा आहे. इथे भरती-ओहोटी आणि पावसाळा रेघ रोज पुढे-मागे करतात. आपण ती एकदा पक्की केली, आणि मग पाणी रेघ ओलांडून आलं की त्याला पूर म्हणू लागलो. कलावंताचा नकाशा भूकरमापकाच्या नकाशाला पर्याय होऊ शकत नाही, होऊही नये. त्याचं काम पाणंद कुठे गेली, हे विचारण्याचं आहे.

मग मी कशाच्या बाजूने आहे? लोकांचा प्रत्येक नकाशा पवित्र असतो, असं मी म्हणणार नाही. गावातल्या चार मानकऱ्यांनी बसून नकाशा काढला तर चावडी आणि देऊळ ठसठशीत येतं, बायका पाणी भरतात तो झरा सुटतो आणि गावकुसाबाहेरची वस्ती कोपऱ्यात एका चौकोनात जाते. म्हणून कसोटी सगळ्यांना एकच लावावी, सरकारला आणि चळवळीलाही. रेघ ओढताना जागेवर कोणकोण हजर होतं? कच्चा नकाशा लोकांना त्यांच्या भाषेत दाखवून हरकतीला पुरेशी मुदत दिली का? आणि पक्की प्रत शेवटी कोणाच्या ट्रंकेत राहिली? या तिन्हींची उत्तरं सरळ असतील तर नकाशा हाताने काढलेला असो की ड्रोनने, मी त्यावर भरवसा ठेवीन. उत्तरं नसतील तर तो मिलिमीटरपर्यंत बिनचूक असूनही एकतर्फी आहे. यात परकं असं काही नाही. नोटीस, पंचनामा, जबाब आणि खातेदाराला मिळणारी मोजणी नकाशाची 'क' प्रत ही आपल्याच मोजणीतली चार पावलं आहेत. बांधासाठी आपण ती पाळतो. धरण, महामार्ग आणि आराखडा यांच्यासाठी तेवढीच मागायची आहेत.

त्या दिवशी तात्या अडून बसले. भूकरमापकांनी घड्याळ पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आणि शेवटी जबाबाच्या कागदावर लिहून घेतलं की पाणंद अभिलेखात नाही, जागेवर वहिवाटीत आहे, लगतच्या खातेदाराची हरकत आहे. तात्यांनी चष्मा पुसून सावकाश सही केली. आमच्या हाती आलेल्या 'क' प्रतीवर पाणंद अजून नाही. पण पुढच्या मोजणीला जो कोणी ती फाइल उघडील, त्याला आधी तात्यांची सही लागेल आणि मग गाडीतून उतरून चाकोरी शोधावी लागेल.