चालत्या यंत्राचा बळी

नवें तें सारें चांगलें आणि जुनें तें सारें टाकाऊ, हा समज आपल्याकडे सुशिक्षितांतच अधिक बळावलेला दिसतो. रेडिओच्या प्रश्नांत तो आतां पुन्हां डोकें वर काढीत आहे. एफ. एम. पद्धति कालबाह्य झाली, तिच्या जागीं डिजिटल पद्धति आलीच पाहिजे, असें निःशंकपणें सांगितलें जातें. या मतास आमचा विरोध आहे. तो कां, हें कळण्यासाठीं हा प्रयोग सर्वांआधीं करणाऱ्या नॉर्वेचें उदाहरण पाहावें.

11 जानेवारी 2017 रोजीं नॉर्डलँड प्रांतापासून आरंभ करून 13 डिसेंबर 2017 पर्यंत नॉर्वेनें आपलीं राष्ट्रीय केंद्रें एफ. एम.वरून काढून घेतलीं. प्रतिपक्षाची बाजू आम्ही लपवूं इच्छीत नाहीं. डोंगरांनीं आणि अरुंद खाड्यांनीं चिरलेल्या त्या देशांत एफ. एम.चें जाळें राखणें महाग पडे. जुन्या पद्धतींत प्रत्येक कार्यक्रमास स्वतंत्र लहर लागते. नव्या पद्धतींत अनेक कार्यक्रम एकाच लहरीवरून जातात. पांच राष्ट्रीय केंद्रांच्या जागीं विसांहून अधिक आलीं, आणि प्रतिवर्षीं 20 कोटि क्रोनर वांचतील असा हिशेब मांडला गेला.

हा हिशेब खोटा नसेल. पण तो अपुरा होता. बचत प्रक्षेपकांची, खर्च मात्र श्रोत्यांचा! सुमारें 20 लक्ष मोटारींत नवा संच नव्हता. स्वयंपाकघरांतला रेडिओ कांहींएक बिघाड नसतां मुका झाला. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणें तें याहून निराळें काय? डिसेंबर 2016 मधील एका लोकमतचांचणींत 66 टक्के लोक या बदलाविरुद्ध व अवघे 17 टक्के अनुकूल होते. तरी निर्णय ढळला नाहीं. मौज अशी कीं, बहुतेक स्थानिक केंद्रें एफ. एम.वरच राहिलीं. लहान केंद्रांस जी पद्धति पुरते, तिला कालबाह्य कोणत्या तोंडानें म्हणावें?

गुणदोषांचेंहि तसेंच आहे. केंद्र दूर पडलें म्हणजे एफ. एम. खरखरतें, पण शब्द कळतो. डिजिटल ध्वनि एका मर्यादेपर्यंत स्वच्छ असतो आणि तिच्यापलीकडे एकाएकीं नाहींसा होतो. पुराच्या रात्रीं कळणारी खरखर ही निर्दोष शांततेहून शतपट मोलाची.

आपल्याकडे आकाशवाणीनें मध्यम लहरींवर डी. आर. एम. नांवाच्या डिजिटल पद्धतीचीं कित्येक प्रक्षेपणयंत्रें उभारलीं. तीं ऐकण्याजोगा संच कांहीं नव्या मोटारींत आला. सामान्य घरांत मात्र तो अजून दिसत नाहीं. आधीं कळस, मग पाया, असा हा प्रकार! दूरसंचार नियामक प्राधिकरणानें ऑक्टोबर 2025 मध्यें खासगी केंद्रांसाठीं केलेल्या शिफारशींत जुनें व नवें प्रक्षेपण एकाच वेळीं चालविण्याचा मार्ग सुचविला आहे. तो शहाणपणाचा आहे. परंतु वाटेंत कोणी घाई करणार नाहीं, याची हमी श्रोत्यांनींच मागून घेतली पाहिजे.

नवी पद्धति खुशाल यावी. ती खरोखर सरस असेल तर लोक आपण होऊन तिच्याकडे वळतील. जुनी केव्हां बंद करावयाची, हें मात्र प्रक्षेपकाच्या जमाखर्चावरून न ठरतां गरिबांतल्या गरीब श्रोत्याच्या घरांतील संच पाहून ठरावें. आकाश ही कोणा प्रक्षेपकाची मिरास नव्हे.