रंग नको, पत्रा पाहा!

बैलबाजारात मुरलेला शेतकरी शिंगांच्या हिंगुळाला आणि पाठीवरच्या झुलीला भुलत नाही. तो आधी जबडा उघडून दात पाहतो, मग चालवून पाय पाहतो. लाखो रुपये मोजून जुनी स्पोर्ट्‌स कार घेणारा शिकलासवरलेला माणूस मात्र हमखास रंगावर भाळतो. लालभडक अंग, चकचकीत क्रोम, मागे सारलेले छत. त्यात विकणाऱ्याने इंजिन सुरू केले की आवाज ऐकूनच सौदा निम्मा पक्का होतो. माझ्या मते अशा गाडीचा भाव ठरायला हवा तो आतल्या पत्र्यावर आणि सोबतच्या कागदांवर. रंग आणि आवाज या पैसे टाकले की मिळणाऱ्या गोष्टी आहेत.

इंग्लंडची एमजीबी हे याचे उत्तम उदाहरण. ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात या गाड्या पाच लाखांहून अधिक तयार झाल्या. त्यामुळे तिथल्या बाजारात त्या आजही मुबलक येतात. निवड मोठी, तशी फसगतही मोठी.

आधीच्या एमजीए गाडीला स्वतंत्र चॅसिस होती. एमजीबीला ती नाही. तिची बॉडी हाच तिचा सांगाडा. दाराखालून, पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत, पत्र्याची एक पोकळ पेटी जाते. तिला ‘सिल’ म्हणतात. उघड्या छताच्या गाडीत तर ही पेटीच कणा असते. हिवाळ्यात इंग्लंडच्या रस्त्यांवर बर्फासाठी मीठ टाकतात. ते खारे पाणी या पेटीत शिरते आणि गंज आतून बाहेर येतो. बाहेर रंगाला फोड दिसेपर्यंत आतले पदर खाल्ले गेलेले असतात. त्यावर नवा पत्रा डकवून, लांबी भरून रंग मारला की सडकी गाडी नवरीसारखी नटते. दिसते तसे नसते, म्हणून तर जग फसते!

तपासायला मोठी विद्या लागत नाही. गाडी जॅकवर उचलायची आणि दाराच्या फटीवर नजर ठेवायची. फट कमीजास्त झाली किंवा दार अडकू लागले, तर कणा गेला असे समजावे. मऊ कापडात गुंडाळलेले लोहचुंबक अंगावरून फिरवावे. जिथे ते धरत नाही, तिथे खाली लांबी आहे. सुरुवातीच्या गाड्यांचे बॉनेट अ‍ॅल्युमिनियमचे होते, तेवढे मात्र सोडून द्यावे.

इंजिनाचे तसे नाही. ते १७९८ सीसीचे, साधे, चार सिलिंडरचे. त्याचे सुटे भाग आजही मिळतात आणि ते उतरवून टेबलावर खोलता येते. सिल बदलायची तर गाडी मधेच वाकू नये म्हणून टेकू देऊन जुना पत्रा कापावा लागतो, नवा जोडावा लागतो. हा खर्च बघता बघता तयार गाडीच्या किमतीपुढे जातो. म्हणून धूर ओकणारी पण धड अंगाची गाडी मी चकचकीत सडक्या गाडीपेक्षा महाग मानतो.

आता कागद. अमेरिकेच्या सुरक्षानियमांपायी १९७४ साली एमजीबीचे क्रोमचे बंपर गेले, काळ्या रबराचे आले, गाडीची उंचीही वाढली. शौकिनांना क्रोमवाली प्रिय, म्हणून तिला भाव जास्त. साहजिकच नंतरच्या गाडीवर क्रोम चढवणारेही निघाले. अशा वेळी चॅसिस नंबर पाहावा. गेडन येथील ब्रिटिश मोटर म्युझियम कारखान्याच्या जुन्या नोंदींवरून दाखला देते. त्यात गाडी बनल्याची तारीख, मूळ रंग, इंजिन नंबर हे सारे मिळते.

शिवाय मे २०१८ पासून ब्रिटनने चाळीस वर्षांहून जुन्या, मोठे फेरबदल न झालेल्या गाड्यांना सक्तीच्या वार्षिक तपासणीतून सूट दिली आहे. सरकारचा डोळा मिटला, तेव्हा घेणाऱ्याने आपला उघडा ठेवायला हवा.

म्हणजे मूळचा प्रत्येक खिळा जागेवर हवा का? तसे मुळीच नाही. ब्रिटिश मोटर हेरिटेज या कंपनीने १९८८ पासून जुन्याच साच्यांवर एमजीबीच्या नव्या बॉडी बनवायला सुरुवात केली. सोवळे शौकीन त्यांना नाके मुरडतात. मला ते पटत नाही. २०१८ साली कॅलिफोर्नियातल्या लिलावात १९६२ ची एक फेरारी २५० जीटीओ ४ कोटी ८४ लाख डॉलरना गेली. तिची बॉडी १९६४ साली बदललेली होती! पण तो बदल कोणी केला, कधी केला, याची नोंद होती. बदल हा दोष नव्हे. लपवाछपवी हा दोष.

म्हणून जो विक्रेता दुरुस्तीच्या वेळचे उघड्या पत्र्याचे फोटो आणि पावत्यांची फाइल पुढे ठेवतो, त्याला चार पैसे जास्त द्यावेत. जो फक्त रंग दाखवतो, त्याला नमस्कार करून निघावे. रविवारी बायकामुलांना घेऊन याच गाडीतून फिरायचे असते, आणि बाजूने कुणी येऊन धडकलेच तर त्या धडकेत दाराखालची ती पेटी आपल्या बाजूने उभी राहते. रंग राहत नाही.