केसपेपरवर रुग्णाचे शब्द हवेत

धाराशिव जिल्ह्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात पोट धरून आलेला माणूस ‘मला आमांश झालाय’ असं म्हणत नाही. आव पडतेय, मुरडा येतोय, ढाळ लागलेत, असं तो सांगतो. केसपेपरवर मात्र पुष्कळदा एवढंच उतरतं: ‘लूज मोशन’. या नोंदीत गळते ती नेमकी उपचार ठरवणारी माहिती. लहान मुलाला नुसते पाण्यासारखे जुलाब होत असतील, तर ओआरएस आणि झिंकवर बहुतेक वेळा भागतं. शौचातून रक्त पडत असेल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रतिजैविक द्यावं लागतं. हा फरक मुलाची आजी एका वाक्यात सांगून मोकळी होते. तो लिहून घेणारं कुणी हवं. सरकारलाही हे ठाऊक आहे. एकात्मिक रोग सर्वेक्षणात आरोग्य सेविका जो तक्ता भरते, त्यात रोगाचं नाव विचारलेलं नसतं. पातळ जुलाब किती दिवस, शोष पडलाय का, रक्त आहे का, अशी लक्षणंच विचारलेली असतात. ब्रिस्टलच्या डॉक्टरांनी 1997 साली प्रसिद्ध केलेला, आज जगभर वापरला जाणारा शौचाचा तक्ताही असाच आहे. सात प्रकार, आणि सातही साध्या बोलीतल्या वर्णनांचे.

यावर डॉक्टरांचा आक्षेप असतो की लोकांचे शब्द सैल असतात, आणि तो खरा आहे. ‘पित्त झालंय’ म्हणजे छातीत जळजळ, करपट ढेकर, कडू उलटी, अर्धं डोकं दुखणं, नाहीतर अंगावर उठलेल्या गांधी, यांपैकी काहीही. ‘गॅस’ तर त्याहून घातक, कारण हृदयविकाराचा झटकाही कित्येकदा याच नावाने घरी अंगावर काढला जातो. ‘मूळव्याध’ म्हटलं की रक्त पडण्याचं कारण सापडल्यासारखं वाटतं आणि आतड्याच्या कर्करोगाची तपासणी लांबते. पण याचा अर्थ शब्द टाकून द्यावा असा होत नाही. त्याच्यामागे आणखी दोन प्रश्न विचारावेत असा होतो. कळंब, वाशी, भूम भागातून ऊसतोडीला जाणारा मजूर अंगदुखीवर वेदनाशामक गोळ्या घेत राहतो. तो ‘पित्त वाढलंय’ म्हणाला, तर ‘संडास डांबरासारखी काळी होते का?’ हे विचारायलाच हवं, कारण या गोळ्यांनी जठरात व्रण होऊन रक्तस्राव होऊ शकतो. बाह्यरुग्ण विभागातल्या गर्दीत एवढा वेळ कुठून आणायचा, हा दुसरा आक्षेप. संडासच्या रंगाचा प्रश्न विचारायला अर्धं मिनिट लागतं. तो न विचारल्यामुळे रक्ताच्या उलट्या होत परतलेल्या रुग्णावर अख्खी रात्र जाते.

धाराशिवला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. अखिल भारतीय कोट्यातून परराज्यातली मुलं तिथे येतात, आणि 2019च्या अभ्यासक्रमातल्या पायाभूत वर्गांत स्थानिक भाषेला जागा दिलेली आहे. तिथे व्याकरणाआधी आव, ढाळ, उमळ, मुरडा, करपट ढेकर शिकवावेत. ते शिकवायला प्राध्यापकच हवेत असंही नाही. तुळजापूर तालुक्यातल्या अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावातल्याच बायकांना ‘भारतवैद्य’ म्हणून तयार केलं. अशा बायका आणि आशाताई हा वर्ग उत्तम घेतील. रुग्ण पुढे पाठवताना चिठ्ठीत वैद्यकीय संज्ञा हवीच, त्याबद्दल वाद नाही. तिच्याआधी रुग्णाचं वाक्य जसंच्या तसं लिहावं. मूळ तक्रार रुग्णाच्याच शब्दांत नोंदवावी हे वैद्यकाची पुस्तकंही सांगतात. आणि टेबलाभोवती रांग उभी असताना बाई शौचातून रक्त पडतं हे सांगणार नाही, ‘पोट दुखतंय’ एवढंच म्हणेल. म्हणून टेबलाशेजारी एक पडदा आणि विचारायला एक परिचारिका, ही मागणी याच विषयात येते, आणि जिल्हा आरोग्य विभागाला ती याच महिन्यात पुरी करता येईल.