वारा कोणत्या दिशेचा?



गेल्या उन्हाळ्यात एका नातेवाइकांच्या घरच्या कार्यासाठी भोपाळास जाण्याचा योग आला. वसईकडील हे कुटुंब नोकरीनिमित्त तेथे स्थायिक झाले असून त्यांचे बिऱ्हाड महाराणा प्रताप नगरात आहे. हा नव्या भोपाळातील गजबजलेला भाग. बँका, कचेऱ्या, दुकाने आणि परीक्षांची तयारी करून घेणारे शिकवणीवर्ग यांची तेथे दाटी आहे. सायंकाळी चहाच्या टपरीवर एका विद्यार्थ्याशी बोलणे निघाले. युनियन कार्बाइडचा कारखाना येथून किती लांब, असे मी त्यास विचारले. तो सहज म्हणाला, "तो जुन्या शहरात. इकडे तसले काही नव्हते."

मुलगा सालस होता आणि त्याचा जन्मही त्या घटनेनंतर पुष्कळ वर्षांनी झालेला. त्यास दोष देण्याचे कारण नाही. परंतु त्याचा तो 'इकडे' हा शब्द माझ्या मनातून जाईना. तो कारखाना तेथून अवघ्या काही किलोमीटरांवर आहे. संकट नेहमी तिकडे असते, इकडे नसते, असे आपणां सर्वांसच वाटत असते. हे वाटणे किती महाग पडते, याची साक्ष त्याच शहराने दिली आहे.

कारखान्याच्या भिंतीबाहेर जयप्रकाश नगर नावाची गरिबांची वस्ती होती. तेथील लोकांसही धोका भिंतीच्या आत आहे, आपल्या घरात नाही, असेच वाटे. कारखाना पिकांवरील किडीचे औषध करी; शेतकऱ्याच्या उपयोगाची वस्तू माणसास काय अपाय करणार? डिसेंबर १९८१ मध्ये तेथे विषारी वायूने एका कामगाराचा बळी घेतला. राजकुमार केसवानी या तरुण पत्रकाराने या गोष्टीचा छडा लावला आणि १९८२ साली आपल्या 'रपट' या लहानशा साप्ताहिकातून शहरास वारंवार सावध केले. विधानसभेत प्रश्न निघाला, तेव्हा काळजीचे कारण नाही असे उत्तर मिळाले. जून १९८४ मध्ये केसवानींनी 'जनसत्ता' पत्रात पुन्हा लिहिले. तरीही शहर जागे झाले नाही.

लोक मूर्ख होते म्हणून असे झाले काय? तसे म्हणणे सोपे आहे, पण ते न्यायाचे नाही. ज्या धुराड्यावर शेजाऱ्याची चूल पेटते, त्याविषयी वाईट बोलणे जिवावर येते. उग्र वास रोजचा झाला की नाक त्याची दखल घेईनासे होते, आणि कारखान्याचा भोंगा वरचेवर वाजू लागला की कान त्यास सरावतात. आणि ज्यांनी आपणांस सांगावयाचे, तेच निश्चिंत दिसले, तर साध्या माणसाने कोणाच्या भरवशावर भ्यावे?

२ डिसेंबर १९८४ च्या रविवारी रात्री मिथाइल आयसोसायनेट या द्रवाच्या टाकीत पाणी शिरले. द्रव तापून उकळला आणि सुमारे ४० टन विष वायुरूपाने बाहेर पडले. टाकी थंड राखणारी यंत्रणा काही महिन्यांपूर्वीच बंद करण्यात आली होती. निसटता वायू जाळून टाकणारा मनोरा दुरुस्तीसाठी निकामी होता. गावासाठी असलेला भोंगा थोडा वेळ वाजून थांबला, आणि पुन्हा वाजला तेव्हा वस्तीत हाहाकार उडाला होता. झोपेतून उठलेल्या कित्येकांस प्रथम वाटले की कोणीतरी शेजारी मिरच्या जाळीत आहे.

वाचकांनी येथे नीट लक्ष द्यावे. हा वायू हवेहून जड असल्याने जमिनीलगत पसरतो आणि लहान मुलांस आधी गाठतो. पाण्याशी मात्र त्याचा संयोग होऊन त्याचा जोर कमी होतो. म्हणून ओले फडके नाकातोंडावर धरणे, धावत न सुटणे आणि वाऱ्याच्या वाटेतून आडवे बाजूस होणे, एवढ्याने पुष्कळ जीव वाचले असते. हजारो लोक वाऱ्याबरोबरच धावले, आणि धावताना श्वास वाढून विष अधिकच खोल गेले. ओल्या फडक्यास काय खर्च येतो? पण ही गोष्ट त्या वस्तीस कोणी सांगितली नव्हती. सरकारने प्रारंभी २,२५९ मृत्यू जाहीर केले. पुढे भरपाईसाठी मान्य झालेले मृत्यू पाच हजारांवर गेले. शहराच्या ५६ प्रभागांपैकी ३६ वायुबाधित ठरले.

त्याच रात्री भोपाळ स्थानकावर गुलाम दस्तगीर हे उपस्थानक अधीक्षक कामावर होते. डोळ्यांची आग होऊ लागताच त्यांनी काहीतरी भयंकर घडत आहे हे ओळखले, वरच्या हुकुमाची वाट न पाहता फलाटावर उभी असलेली गाडी वेळेआधी सोडली आणि जवळच्या स्थानकांस गाड्या रोखून धरण्याचा निरोप धाडला. संकटाचे नाव त्यांसही ठाऊक नव्हते. जे दिसले त्यावर त्यांनी विश्वास ठेवला, एवढेच.

या कथेस अलीकडे एक शेवट जोडला गेला. कारखान्यात पडून राहिलेला ३३७ टन विषारी कचरा उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर जानेवारी २०२५ मध्ये १२ बंद कंटेनरांतून पिथमपूरास नेण्यात आला. तेथे लोक रस्त्यावर उतरले. दोघांनी स्वतःस पेटवून घेण्याचा प्रयत्न केला. जून २०२५ अखेर तो कचरा जाळून झाला. एवढ्या बंदोबस्तात आलेल्या वस्तूची ही भीती अवास्तव, असे काहींनी म्हटले. तिकडे भोपाळात कारखान्याभोवतीच्या जमिनीत विष मुरून भूजल दूषित झाले, आणि शेजारच्या वस्त्यांनी ते हातपंपाचे पाणी वर्षानुवर्षे प्याले. त्या पाण्याचा कधी असा गाजावाजा झाला नाही. मला वाटते, माणूस भितो तो टनांच्या हिशेबाने भीत नाही. डोळ्यांसमोरून जाणाऱ्या संकटास तो भितो. जमिनीखालून येणाऱ्यास भीत नाही. आणि एकदा 'काळजीचे कारण नाही' असे सांगून फसविला गेला, की पुढे खरे सांगणाऱ्यावरही त्याचा विश्वास बसत नाही.

आता आपल्या गावाकडे वळू. येथे तसला वायू नाही, पण जमिनीखालून येणारे संकट आहे. आपल्या वाडवडिलांनी वाडीवाडीत बावखले राखली होती. पावसाचे पाणी त्यांत साठे, जमिनीत मुरे, विहिरी गोड राहत आणि पुराचे पाणीही त्यांत सामावे. त्यांतील किती आपण स्वहस्ते बुजविली? किनाऱ्याजवळच्या विहिरी मचूळ होऊ लागल्या, तेव्हा आपण विहिरीस नावे ठेवली. जुलै २०१८ मध्ये वसईत पाणी भरले, वीज गेली, रेल्वे बंद पडली. आपण म्हणालो, यंदा पाऊस फार झाला. पाऊस फार झाला हे खरेच. हवा एका अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरते, म्हणून पाऊस कोसळतो तेव्हा धो धो कोसळतो. हे पुनःपुन्हा होणार. परंतु कोसळलेल्या पाण्यास जागा ठेवणे आपल्या हाती होते.

'भाव चांगला आला, भराव टाकला,' असे म्हणणाऱ्या शेतकऱ्यास मी दुष्ट मानीत नाही. मुलीचे लग्न, मुलाचे शिक्षण या त्याच्या खऱ्या गरजा आहेत. जयप्रकाश नगरच्या कामगाराची चूलही खरीच होती. म्हणून एकट्यादुकट्यास दोष न देता आपण गावाने एकत्र बसावे, हे बरे. पावसाळ्यापूर्वी एका सायंकाळी प्रत्येक आळीने इतके करावे: उरलेली बावखले मोजावी, उन्हाळ्यात विहिरीचे पाणी किती खाली गेले व चवीस कसे आहे, ते वहीत लिहावे, अंथरुणास खिळलेली म्हातारी माणसे कोणत्या घरी आहेत आणि पाणी चढल्यास त्यांस कोणी उचलून आणावयाचे, हे नावानिशी ठरवावे. तारापूरच्या रासायनिक कारखान्यांजवळ ज्यांचे आप्त राहतात, त्यांनी ओल्या फडक्याची गोष्ट त्यांस अवश्य सांगावी.

आणि आज रात्री जेवणे आटोपल्यावर मुलांस एक प्रश्न विचारून पाहावा: आपल्या घरावर वारा कोणत्या दिशेने येतो? त्यांस उत्तर आले नाही, तर त्यांचा हात धरून अंगणात जावे आणि दाखवून द्यावे.