काचेतला समुद्र

लक्ष्मीपूजनाची अमावास्या म्हणजे आम्हा अलिबागकरांचा उधाणाचा दिवस. भरती मोठी, तशी ओहोटीही मोठी. कुलाबा किल्ल्याकडचे खडक उघडे पडतात. गेल्या दिवाळीत भाचा मुंबईहून आला आणि तेथल्या डबक्यातून एक समुद्रफूल बादलीत घालून घरी घेऊन आला. पोवळ्याचाच हा भाऊबंद.

"मामा, काचेच्या पेटीत ठेवू. पुढे पोवळीही आणू!"

पेटी झाली. पाणी रोज थोडे आटे, आणि मी मोठ्या शहाणपणाने समुद्राचेच पाणी भरी. आठवड्यात फूल मिटले. मग डोक्यात प्रकाश पडला. वाफ होते ती पाण्याची. मीठ पेटीतच राहते! समुद्रात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार, आमच्याकडे त्यात रोजची भर. आटलेले पाणी गोड्या पाण्यानेच भरायचे असते, तेही हळूहळू. तसे केले, फूल जरा सावरले.

पोवळ्याचे दुखणे याहून नाजूक. त्याच्या अंगातले सूक्ष्म शेवाळ उन्हावर अन्न तयार करून त्याला पोसते. पाणी जरा अधिक तापले की शेवाळ निघून जाते, पोवळे पांढरे पडते आणि उपाशी मरते. शिवाय १९७२ च्या वन्यजीव कायद्याने २००१ पासून दगडी पोवळ्यांना संरक्षण आहे. ती समुद्रातून काढणे गुन्हा.

त्रिपुरी पौर्णिमेच्या ओहोटीला फूल त्याच डबक्यात सोडले. भरतीचे पाणी आत शिरले, तसे ते उमलले. भाच्याने पोवळ्यांचा विषय पुन्हा काढला नाही.