भिगवणचा धडा परभणीने गिरवावा

जिंतूर, सेलू किंवा गंगाखेड तालुक्यातील एखाद्या शेतकरी कुटुंबातील स्त्रीची बोटे सकाळी तास-दोन तास वळेनाशी होतात, तेव्हा घरचे त्याला 'वात' म्हणून मोकळे होतात. गालांवर लाल चट्टे उमटले की दोष उन्हाला दिला जातो. हातांची कातडी ताठरू लागली की नशिबाला. वस्तुतः संधिवात, ल्युपस व स्क्लेरोडर्मा ही एकाच कुळातील दुखणी होत. शरीराची प्रतिकारशक्ती शत्रू ओळखण्यात चुकते आणि स्वतःच्याच सांध्यांवर, त्वचेवर, संयोजी ऊतींवर चालून जाते. यातील बहुतेक रुग्ण स्त्रियाच असतात आणि ऐन कर्तेपणाच्या वयात त्यांना हे दुखणे गाठते. एकदा झिजलेला सांधा पुन्हा पूर्ववत होत नाही. म्हणूनच येथे विलंबाची किंमत फार मोठी असते.

या विषयात महाराष्ट्रात झालेले एक काम मात्र समाजाच्या पुरेसे लक्षात आलेले नाही. पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ साली इंदापूर तालुक्यातील भिगवण येथे घरोघर पाहणी सुरू केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने ठरलेली पद्धत आणि गावातीलच प्रशिक्षित कार्यकर्ते, असा तो मेळ होता. चार हजारांहून अधिक प्रौढांच्या या पाहणीत सुमारे १८ टक्के लोकांना सांधे-स्नायूंचे दुखणे आढळले. ऱ्हुमॅटॉइड संधिवात सुमारे अर्धा टक्का लोकांत होता. अर्धा टक्का ही संख्या क्षुल्लक वाटेल. तथापि २०११च्या जनगणनेत परभणी जिल्ह्याची लोकसंख्या १८ लाख ३६ हजार होती. तेच प्रमाण येथे धरले, तर एकट्या या जिल्ह्यात पाच-सहा हजार रुग्ण असावेत. त्यांची नोंद कोणाच्या दप्तरी आहे?

डॉ. चोप्रा यांच्या कार्याची दुसरी बाजू अधिक मोलाची आहे. आमवाताचे स्वतंत्र वर्णन माधवनिदानात शतकांपूर्वी झाले, याचा अभिमान आपण सारेच बाळगतो. डॉ. चोप्रा अभिमानापाशी थांबले नाहीत. गुळवेल व सुंठ यांवर आधारित योग, तसेच बिब्ब्याचे औषध, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या प्रचलित औषधाच्या बरोबरीने त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १२१ रुग्णांवर २४ आठवडे तपासले. कोणाला काय दिले आहे, हे परीक्षक वैद्यांना ठाऊक नव्हते. २०१२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा गुळवेल-सुंठीच्या योगाने ४४ टक्के, तर हायड्रॉक्सिक्लोरोक्विनने ५१ टक्के रुग्णांत ठरलेली सुधारणा दिसली. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक निर्णायक नव्हता. अभ्यास लहान होता, अल्पकालीन होता, हे खरेच. पण भारतीय औषध जगाच्या तराजूत निर्भयपणे घालण्याचे धैर्य त्यात होते.

खरे स्वत्व ते हेच. 'आयुर्वेदात सारे काही आहे' अशी घोषणा देणे सोपे. परीक्षेला बसणे अवघड. उलट, आयुर्वेदाच्या नावाने बाजारात विकल्या जाणाऱ्या बिननावाच्या पुड्यांत कित्येकदा स्टेरॉइड मिसळलेले सापडते. चार दिवस आराम पडतो. पुढे हाडे ठिसूळ होतात, रक्तशर्करा वाढते, आणि बदनामी मात्र चरक-सुश्रुतांच्या परंपरेची होते. या भोंदूगिरीविरुद्ध सर्वांत कठोर आवाज परंपरेवर प्रेम करणाऱ्यांनीच उठवला पाहिजे. पाश्चात्त्य विद्येकडे तुच्छतेने पाहणे हे जसे राष्ट्रप्रेम नव्हे, तसेच आपले औषध तपासण्याआधीच मोडीत काढणे हा विज्ञाननिष्ठेचा मार्ग नव्हे.

परभणीत २०२३ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. जिल्ह्याची ही मागणी अनेक वर्षांची होती. परंतु महाविद्यालय म्हणजे केवळ इमारत आणि प्रवेशाच्या जागा नव्हेत. तेथील अध्यापकांनी व विद्यार्थ्यांनी आशा कार्यकर्त्या, स्थानिक वैद्य आणि सेवाभावी संस्था यांना सोबत घेऊन दोन-चार गावांत भिगवणसारखी पाहणी हाती घ्यावी. सकाळी आखडणारी बोटे, उन्हात वाढणारे चट्टे, थंडीत पांढरी पडणारी नखाग्रे यांची साधी प्रश्नावली त्यासाठी पुरेशी आहे. संशयित रुग्ण वेळेत तज्ज्ञापर्यंत पोहोचला, तर एक संसार सावरतो.

एका लहानशा गावाच्या उंबरठ्यावरून जगाला आकडे देता येतात, हे भिगवणने दाखवून दिले. गोदाकाठच्या या जिल्ह्याला ते अशक्य का असावे?