कड्याचे छायाचित्र

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याचे छायाचित्र घेऊन एखादा हौशी छायाचित्रकार स्नेह्यांच्या मंडळीत येतो, तेव्हा ‘वा, सुरेख!’ एवढ्यावर त्याची बोळवण करणे ही, माझ्या मते, त्याच्या परिश्रमांची उपेक्षाच होय. आणि ज्या मुंबईत 1854 सालीच छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली, त्या मुलखात तरी असे घडू नये. तो कडा पश्चिमाभिमुख आणि अंतर्वक्र असल्यामुळे सकाळी छायेत बुडालेला असतो आणि त्याच्या पाषाणाचे थर उतरत्या उन्हातच उलगडतात. म्हणून परीक्षकाने चित्र कोणत्या प्रहरी घेतले हे प्रथम विचारावे, क्षितिज कलले आहे काय ते पाहावे (ही चूक फार जणांच्या नजरेतून निसटते), आणि प्रत्यक्षात उरात धडकी भरवणारी ती खोली कागदावर सपाट का झाली, काठावर मनुष्याकृती नसल्यामुळे प्रमाणच कळेनासे झाले की कोकणातून चढणाऱ्या धूसरतेने दूरच्या रांगा पुसल्या, याचा तपशीलवार शोध त्याच्यासह घ्यावा. आकाश मागाहून गडद केले असल्यास तेही निःसंकोच सांगावे, आणि पावसाने धुतलेली हवा अजून निवळ आहे अशा कार्तिकातल्या एखाद्या तिसऱ्या प्रहरी पुन्हा त्याच जागी जाण्याची आग्रहपूर्वक शिफारस करावी.